पळी

तळ्याकाठच्या न्हाणीघरात शनिवारी संध्याकाळी
उतेनाचे आणि रोकिश्किसचे एकाच फळीवर बसतात.
जर्सी बाहेर खुंटीला. आत सगळे उघडे:
पोटं, शस्त्रक्रियेचे व्रण, बोटात रुतलेल्या अंगठ्या.
तोंड उघडेपर्यंत कोण कुठला ते कळत नाही.
तोंड मात्र लगेच उघडतं.

मालिका दोन-दोन.
चौथ्या सामन्यात अकरा सेकंद उरले असताना
क्लायपेदाहून आलेल्या त्या पंचानं शिट्टी मारली.
तीन दिवस झाले, अजून वाजतेच आहे.

'पाय रोवलेले होते त्याचे,'
विडमांतस म्हणतो, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा,
'खिळे ठोकल्यासारखे!'
'खिळे? जत्रेतल्या पाळण्यासारखा डोलत होता,'
म्हणतो रिमगाउदास, दातांचा डॉक्टर,
ज्यानं विडमांतसच्याच तीन दाढा काढल्यात
आणि एकीचे पैसे अजून यायचेत.
'कुंपणच शेत खायला लागलं तर…'
'शेत कुणाचं ते आधी ठरू दे.'
'बहात्तर सालीही तुमच्या लोकांनी हेच केलं होतं.'
'बहात्तर साली तू रांगत होतास.'
'वडिलांनी सांगितलंय!'
हे वडील म्हणजे फळीवरचे सर्वांत मोठे साक्षीदार.
वारले, त्यामुळे उलटतपासणी होत नाही.

मी भट्टीवाला. दगडांवर पाणी मारायचं काम माझं.
एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही:
रोकिश्किसवाला मुद्द्यात वरचढ ठरू लागला
की माझी पळी आपसूक भरते.
चर्रर्र. वाफ उठते.
वरच्या फळीवरचा मुद्दा अर्ध्यात गिळून खाली उतरतो.
बावीस वर्षं. एकालाही संशय नाही.
माझ्या बायकोला आहे. ती रोकिश्किसची.

आज मात्र प्रकरण शब्दांवर भागेना.
तौत्विदासनं कमरेचा टॉवेल घट्ट केला,
बर्चच्या पानांची ओली जुडी काखेत धरली:
हा चेंडू.
विडमांतस दारापाशी उभा, हात छातीशी:
हा बचाव.
'पाय बघा!' 'माझे पाय बघा सगळे!'
पाच पावलांची खोली,
त्यात एकशे दहा किलोंचा आक्रमक.
नेमकं तेव्हाच रिमगाउदास म्हणाला,
'आता कळेल तुम्हाला आमचं म्हणणं.'
आणि माझ्या हातानं, सवयीनं,
सबंध पळी रिती केली.

धप्प.
पांढऱ्या वाफेत एक शिवी, एक टॉवेल,
पानांचा भिजका पाऊस,
मग कुणाचं तरी कण्हणं.
वाफ विरली तेव्हा दोघं जमिनीवर,
एकमेकांच्या दंडाला धरून, लालबुंद,
आणि नऊ जण एकमेकांना विचारतायत,
'तू पाहिलंस?'
'मी नाही. तू?'
कोपऱ्यातले झेनोनास,
एकतीस वर्षं शाळांच्या सामन्यांत पंच,
आजवर या विषयावर चकार शब्द न काढलेले,
डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिले.
माझ्याकडे म्हणजे पळीकडे.

'भट्टीवाल्या, तू खाली होतास, तुला दिसलं असणार!'
काहीही दिसलं नव्हतं.
'धक्का तौत्विदासचा,' मी म्हणालो.
फार पटकन म्हणालो. तौत्विदास रोकिश्किसचा.
एकच गिल्ला झाला. जुड्या उगारल्या गेल्या,
माझ्या आईच्या दृष्टीबद्दलही बोललं गेलं.
झेनोनास सावकाश उठले, जाताना खांद्यावर हात ठेवला.
'वाईट नाही,' म्हणाले,
'पण हात वर करायला विसरलास.'

मग सगळे धावत फळकुटावरून तळ्यात.
मे महिन्याचं पाणी, हाडात शिरणारं.
किंचाळले, बुडाले, वर आले,
आणि मानेपर्यंत पाण्यात उभे राहून
जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू.
पाण्यावरून आवाज लांब जातो.
पलीकडच्या काठावर एक कुत्रं भुंकलं.
'बघ, त्यालाही पटलंय,' कुणीतरी म्हणालं.
'ते कुत्रं उतेनाचं आहे!'

पाचवा सामना मंगळवारी.
मी लाकडं जरा जास्तच फोडून ठेवलीत.